‘पटत नाही’ एवढ्यावर घटस्फोट मिळत नाही

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: नवरा संमती देत नसेल तर घटस्फोट मिळेल का, आणि स्वतःची नोकरी असल्यामुळे पोटगी बुडेल का. तुमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं (१९५५) आहे असं धरून लिहितो.

संमतीशिवाय जायचं तर कलम १३ मधलं कारण लागतं: क्रूरता, व्यभिचार, सलग दोन वर्षं सोडून जाणं वगैरे. संसार पार मोडलाय, हे कारण त्यात नाही. २०२३ च्या निकालात ते मान्य झालं खरं, पण तो सर्वोच्च न्यायालयाचा राज्यघटनेच्या कलम १४२ खालचा खास अधिकार. फॅमिली कोर्टाकडे तो नाही. म्हणून बहुतेक जण क्रूरतेवर दावा लावतात. मानसिक छळही त्यात बसतो, मात्र ‘तो नीट वागत नाही’ हे पुरत नाही. कधी, कुठे, कोणासमोर काय घडलं ते लिहा, कारण उलटतपासणीत त्याचाच कीस काढतात. वकिलाने साच्यातले हुंड्याचे, मारहाणीचे परिच्छेद घातले असतील आणि तसं घडलं नसेल, तर सही करू नका. बेछूट आरोप हीच क्रूरता ठरवून समोरच्याला घटस्फोट दिल्याचे निकाल आहेत.

पोटगीचं गणित वेगळं. दावा चालू असताना कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि कोर्टखर्च, निकालाच्या वेळी किंवा नंतर कलम २५ खाली कायमची. नोकरी आहे म्हणून अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. दोघांची कमाई, राहणीमान, मुलांची जबाबदारी पाहतात. (या कलमांखाली नवराही मागू शकतो बरं का.) पगाराच्या अमुक टक्के असा आकडा कायद्यात कुठेही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालापासून दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. तेव्हा अर्ज लांबवू नका.

दावा लावला तरी पुढे संमतीने मिटवता येतं, आणि माझ्या मते तेच बरं. त्यासाठी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. एका छताखाली राहूनही पती-पत्नी म्हणून नांदत नसाल तर चालतं. संमतीचा अर्ज दिल्यावर थांबायचे सहा महिने माफ करणं २०१७ पासून कोर्टाच्या हातात आहे. मात्र हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं, त्यामुळे रकमेचे हप्ते आणि त्यांच्या तारखा संमतीच्या अटींमध्ये स्पष्ट लिहून घ्या.