घोडं नेमकं कुठे पेंड खातंय हे मला कसं कळलं

तुम्ही विचारलंय की दरवेळी मनापासून ठरवता आणि स्वतःच कुठेतरी मोडता, तर आपलं काय चुकतंय हे स्वतःशी खोटं न बोलता शोधायचं कसं. मी काउन्सेलर वगैरे नाही, घणसोलीला एका ऑफिसात अकाउंट्स बघते आणि सीए इंटरचा दुसरा ग्रुप, म्हणजे सीएच्या मधल्या परीक्षेतले तीन पेपर, दोनदा घालवलाय, त्यामुळे या विषयातला अनुभव दांडगा आहे.

दोन्ही वेळेला माझं उत्तर तयार होतं, ऑफिसमुळे वेळच मिळत नाही. ते अगदीच खोटंही नव्हतं हो, सकाळी कोपरीतून धावत निघायचं, ट्रान्सहार्बर लोकल पकडायची, संध्याकाळी तेच उलटं आणि घरी आल्या आल्या कुकर. ऐकणारा लगेच मान डोलावतो, म्हणून तर ते कारण इतके दिवस टिकलं.

दुसऱ्या निकालानंतर धाकटी बहीण सहज बोलून गेली, तायडे, अभ्यासाला बसायच्या आधी तू दरवेळी कपाट का आवरतेस गं? मला इतका राग आला की दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. साफ चुकीचं असतं तर हसून सोडून दिलं असतं ना, पण झोंबलं.

मग पंधरा दिवस एकच केलं, जे करतेय ते तेव्हाच्या तेव्हा फोनमध्ये टाइप करायचं. रात्री आठवून नाही, रात्री आपण सारवासारव करतो. पंधरा दिवसांत अभ्यासाचे २१ तास निघाले, म्हणजे वेळ होता! त्यातले १४ ऑडिटच्या पेपरला, ५ टाइमटेबल बनवायला (एक्सेलमध्ये, चार रंगांत, हसू नका) आणि कॉस्टिंगच्या पेपरला २.

खात्री करायला दोन्ही पुस्तकं काढली. ऑडिटचं टेबलावर ठेवलं की आपोआप उघडून पडतं, कडा काळ्या झाल्यात. कॉस्टिंगचं मधूनच उघडलं तर बाइंडिंग कर्र वाजलं, अकरा महिन्यांनी! आणि नियम मला पाठ होता बरं का, ग्रुपचे तीन पेपर, प्रत्येकाला किमान ४० आणि एकूण ५० टक्के, म्हणजे ऑडिटला कितीही घासलं तरी कॉस्टिंगला पडलेल्या २७ मार्कांना त्याचा शून्य उपयोग. अकाउंट्सवाल्या बाईला एवढं गणित येत नव्हतं असं थोडीच आहे.

का टाळत होते हे कळायला अजून वेळ लागला. कॉस्टिंगला नीट बसले आणि तरी उडाले तर? मग 'वेळ मिळाला असता तर निघालाच असता' म्हणायची सोय राहिली नसती. याला सेल्फ हँडिकॅपिंग म्हणतात, म्हणजे अपयशाची सबब आधीच तयार करून ठेवणं. १९७८ साली बर्गलास आणि जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या काही पोरांना सुटणारे आणि काहींना न सुटणारे प्रश्न दिले, वर सगळ्यांना छान सोडवलेत म्हणून सांगितलं, आणि पुढच्या टेस्टआधी दोन औषधांतलं एक निवडा म्हटलं, एक डोकं चालवणारं, दुसरं मंद करणारं. आपल्याला यश कशामुळे मिळालं हेच ज्यांना कळलं नव्हतं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी, खास करून मुलग्यांनी, मंद करणारं मागितलं. म्हणजे पडलो तर औषधामुळे पडलो. माझं औषध म्हणजे ते कपाट.

तेव्हा तुम्ही घरच्यांना सगळ्यात जास्त वेळा ऐकवता ते 'असतं तर'वालं वाक्य कुठलं, ते आधी पकडा आणि पंधरा दिवसांची नोंद त्याच्या शेजारी ठेवा. आणि फक्त आळस शोधत बसू नका, माझी सगळी गडबड मेहनतीत लपलेली होती, १४ तास ऑडिट करणारीला आळशी कोण म्हणणार.

तिसऱ्या वेळी कॉस्टिंगला ४७ आले, ऑडिटला ५८. आणि फायनान्शियल मॅनेजमेंटला ३८, म्हणजे ग्रुप परत गेला. त्या २१ तासांच्या यादीत या तिसऱ्या पेपरचं नावच नव्हतं हे मला आज तुम्हाला लिहिताना दिसलं. उठून ते पुस्तक उघडून बघितलं. कर्र.