वाल्चक : लहान वॉल्ट्झ की नुसताच वॉल्ट्झ?

अकॉर्डियन शिकणाऱ्या एकांचा प्रश्न आहे. स्लोव्हेनियातल्या लोकधुनांचं एक बाड त्यांच्या हाती लागलं. त्यात निम्म्या चालींवर 'पोल्का' (दोन मात्रांचा चपळ नाच) असं लिहिलेलं आणि उरलेल्यांवर 'वाल्चक'. '-चक' हा तिकडचा लघुत्वाचा प्रत्यय आहे, हे त्यांना कळलं. मग वाल्चक म्हणजे आखूड किंवा सोपा वॉल्ट्झ (जोडीने गोल फिरत नाचायचा, तीन मात्रांचा युरोपीय नाच) समजायचा का? आणि मराठीत लिहायचं काय: वॉल्ट्झ, वॉल्ट्स की आपला एखादा शब्द?

पहिल्याचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. वाल्चक म्हणजे वॉल्ट्झच, पुऱ्या मापाचा. व्हिएन्नाच्या झुंबरांखाली नाचतात त्या वॉल्ट्झलाही स्लोव्हेनियन माणूस 'दुनायस्की वाल्चक' म्हणतो. (दुनाय म्हणजे व्हिएन्ना.) त्यात लहान काहीच नाही.

प्रत्ययाबद्दल मात्र त्यांना कळलं ते बरोबर आहे. 'झ्वोन' म्हणजे घंटा, 'झ्वोनचक' म्हणजे छोटी घंटा. पण प्रत्यय दिसला की अर्थ लहान झालाच पाहिजे, असं कुठे असतं? आपल्याकडे सुपाची सुपली खरोखर लहान असते, पण 'रोपटं' म्हणताना आपण ते रोपाहून लहान आहे असं मनात आणत नाही. त्याहून जवळचं उदाहरण बाटलीचं. परका शब्द आला आणि मराठीच्या तोंडात '-ली'वर संपला. ही कशाची लहान आवृत्ती, असं कुणी विचारलं नाही. (पुढे गंमत अशी झाली की बाटलीवरून मुंबईकडे 'गॅसचा बाटला' तयार झाला. मूळ लहान आणि मोठं रूप नंतरचं!) वाल्चकचं तसंच आहे. जर्मन 'वाल्त्सर' हा शब्द स्लोव्हेनियनमध्ये आला आणि त्याला घरचं शेपूट लागलं. फरक इतकाच की त्याचा 'बाटला' कुणी केला नाही.

जर्मन शब्द येणं स्वाभाविकच होतं. 1918 पर्यंत हा सगळा मुलूख ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग राजघराण्याच्या राज्यात होता आणि नाच तर सीमा मुळीच मानत नाहीत. स्लोव्हेनियन लोकनृत्यांची नावं बघा. 'श्तायरिश' म्हणजे स्टायरिया प्रांताचा नाच, 'झीबनश्रित' म्हणजे सात पावली. दोन्ही जर्मन शब्द स्लोव्हेनियन कानाने ऐकून लिहिलेले. ऑस्ट्रिया आणि बव्हेरियाच्या खेड्यांतला 'लेंडलर' याच कुळातला: तीन मात्रांचा, वॉल्ट्झपेक्षा संथ आणि वॉल्ट्झच्या आधीचा. तुमच्या बाडात एखाद्या चालीवर लेंडलर लिहिलेलं असेल तर ती वाल्चकच्या वेगाने पळवू नका. स्लाव्को आवसेनिक यांनी 1953 साली भावाबरोबर जो वाद्यवृंद उभा केला, त्याच्यामुळे पोल्का आणि वाल्चक ही जोडी आल्प्सच्या दोन्ही अंगांना घरोघर पोचली. जर्मन बोलणारे त्या वृंदाला 'ओबरक्रायनर' म्हणत.

आता मला खरा रस आहे तो मुळात. जर्मन 'वाल्त्सन' म्हणजे गोल फिरणं, घोळणं, लाटणं. या धातूचा जुना इंडो-युरोपीय गोतावळा मोठा आहे. लॅटिनचं 'वोल्वेरे' त्यातलं आणि संस्कृतचं 'वलति'ही त्यातलंच. वलतिवरून आपलं वळणे, वळण, वळसा आणि वलय. नुसतं वळून बघणं नव्हे, लाडू वळणं आणि वाती वळणं हेसुद्धा. तळहातावर घोळवत गोल करण्याची ती क्रिया जर्मन क्रियापदाच्या अर्थाला अगदी चिकटून आहे.

स्लोव्हेनियनमध्ये याच मुळातून 'वालिती' म्हणजे गडगडवत नेणं आणि 'वाल' म्हणजे लाट असे स्वतःचे शब्द आधीपासून होतेच. त्यामुळे वाल्चक ऐकून तिथल्या माणसाला 'लहानशी लाट' आठवली तर नवल नाही. व्युत्पत्ती म्हणून ते चूक, कारण नाचाचं नाव जर्मनकडूनच आलं. पण शब्द परका असला तरी चुलतघरातून आलेला. लाटण्यालाही ते 'वाल्यार' म्हणतात. तिकडे वाल आणि वाल्यार, इकडे लाट आणि लाटणं! हा योगायोग बघून मी खूश झालो. मात्र यातून मराठीच्या व्युत्पत्तीबद्दल काही सिद्ध करायचा माझा इरादा नाही.

उच्चाराची एक गोष्ट मराठी माणसाला फुकटात मिळते. आपल्याकडे च दोन: चहातला आणि चाकातला. स्लोव्हेनियन लिपीत त्या दोघांना वेगळी अक्षरं आहेत. सी या अक्षरावर टोपी असेल तर चहातला च (त्यांचा चहासुद्धा 'चाय'च), टोपी नसेल तर चाकातला. वाल्चकमधला च टोपीवाला आहे. जर्मन वाल्त्सरमधला 'त्स' मात्र आपला चाकातला च. हिंदीभाषकाला हा ध्वनी शिकावा लागतो, आपण चूल, चटका, चमचा म्हणत तो रोज वापरतो. शेवटच्या '-चक'मधला स्वर रोमन लिपीत ई असा दिसतो, पण ऐकू येतो आपल्या अ सारखा, म्हणून मी 'वाल्चेक' लिहीत नाही. विभक्ती लागली की तो गळतोच: वाल्चक, वाल्चका. माणूसमधला ऊ 'माणसाला' म्हणताना जातो, तसा.

मग मराठीत काय लिहावं? उच्चाराला 'वॉल्ट्स' जवळचं, कारण शेवटी झ कुणीच म्हणत नाही. तो इंग्रजी स्पेलिंगमधल्या झेडवरून आला. तरी 'वॉल्ट्झ' रुळला आहे आणि मी तोच वापरतो. कुठेकुठे सुचवला जाणारा 'त्रिताली नाच' मात्र कृपा करून नको. त्रिताल सोळा मात्रांचा! तबल्यावर समजावायचं तर दादरा सांगावा: वॉल्ट्झचे तीन-तीन मात्रांचे दोन खंड म्हणजे दादऱ्याचं सहा मात्रांचं एक आवर्तन. पण दादऱ्याच्या दुसऱ्या तीन मात्रा खालीच्या (टाळीऐवजी हात मोकळा सोडायच्या) असतात आणि वॉल्ट्झला खाली नसते. डाव्या हाताचा खर्ज प्रत्येक तिनाच्या पहिल्या मात्रेवर येतो, उरलेल्या दोनांवर स्वरगुच्छ.

आणि जाता जाता: त्या बाडावर 'हार्मोनिका' लिहिलेलं असेल तर माउथ ऑर्गन शोधू नका. स्लोव्हेनियनमध्ये हार्मोनिका म्हणजे अकॉर्डियन. 'क्लाविर्स्का' म्हटलं तर पियानोच्या पट्ट्यांची, 'दियातोनिच्ना' म्हटलं तर बटणांची. या दुसरीला प्रेमाने 'फ्रायटोनारित्सा' म्हणतात. तिचं बहुतेक प्रत्येक बटण भाता ओढताना एक सूर देतं आणि दाबताना दुसरा, त्यामुळे आपल्या पेटीवर बसलेला हात तिथे पहिले काही दिवस पार गोंधळतो. माउथ ऑर्गनला शब्द आहे 'ओर्ग्लित्से', म्हणजे लहानसा ऑर्गन, आणि इथे प्रत्यय अक्षरशः खरा आहे.