काचेच्या मागचं लोखंड

प्रश्न : माझं ऑफिस ऐरोलीला, पूर्ण काचेची बिल्डिंग, एक खिडकी उघडेल तर शपथ. एसी बंद पडला की पाच मिनिटांत भट्टी होते. आणि पावसाळा लागला की माझ्या डेस्कमागच्या कोपऱ्यात काचेखालून पाणी झिरपतं, हाउसकीपिंगवाले तिथे टिश्यू पेपरचे बोळे कोंबून जातात. हे काचेचं खूळ काढलं कुणी? — एक वाचक भगिनी, कळवा

उत्तर : ताई, खूळ न्यूयॉर्कचं. अगदी पहिली काचेची कोणती यावर वाद घालता येईल, युनायटेड नेशन्सची बिल्डिंगही जवळपास तेव्हाचीच, पण ऑफिसवाल्यांनी जिची सगळ्यात जास्त कॉपी मारली ती लिव्हर हाउस, पार्क अ‍ॅव्हेन्यूवरची, १९५२ ची. आपल्याकडे हिंदुस्थान लिव्हर म्हणून जी कंपनी माहीत होती तिच्याच अमेरिकन भावंडाचं हेडऑफिस. साबण विकणाऱ्यांना चकचकीत काचेची बिल्डिंग म्हणजे फुकटची जाहिरातच की! डिझाइन स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या फर्मचं, नाव गॉर्डन बनशाफ्ट यांचं झालं, पण त्याच टीममधल्या नताली द ब्लॉय यांचं नाव बरीच वर्षं कुणी घेत नव्हतं.

तोवर तिथले टॉवर वरवर निमुळते, पायऱ्यापायऱ्यांचे असायचे, कारण १९१६ चा कायदा, खाली रस्त्यावर ऊन-वारा यावा म्हणून. पण त्याच कायद्यात होतं की टॉवरने प्लॉटचा पाव भागच व्यापला तर सरळ वर चढवा, कितीही. लिव्हरवाल्यांनी तेच केलं. २४ मजल्यांचा सडपातळ टॉवर, आणि खालचा भाग खांबांवर उचलून तळमजल्याची बरीचशी जागा लोकांना चालायला मोकळी सोडली. आपल्याकडे खांब आले की स्टिल्ट पार्किंग आणि दोन स्कूटरवरून भांडण, ते जाऊ दे.

खिडक्या तिथेही सीलबंदच. पूर्ण बिल्डिंग एसी आणि शहराची काजळी आत नको म्हणून काचा कायमच्या बसवलेल्या, निळसर-हिरव्या, ऊन थोडं अडवणाऱ्या. मग बाहेरून पुसायच्या कशा? गच्चीवर रूळ टाकले आणि त्यावरून फिरणारा पाळणा खाली सोडला, आज तुमच्या ऑफिसबाहेर दोन माणसं वायपर घेऊन लटकतात ना, त्यातलाच प्रकार.

आता तुमच्या बोळ्यांकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. लिव्हर हाउसच्या काचांमधल्या पट्ट्या बाहेरून स्टेनलेस स्टीलच्या दिसायच्या पण आत साधं लोखंड होतं. वर्षानुवर्षं पाणी मागे शिरत राहिलं, लोखंड गंजलं, आणि गंज धरला की लोखंड फुगतं हे आपल्या बाल्कनीच्या स्लॅबचं प्लास्टर पडताना आपण बघतोच, तिथे फुगून काचा तडकायला लागल्या. एकेक बदलत गेले, नवीन काचेचा रंग जुन्याशी जुळेना, बिल्डिंग ठिगळं लावल्यासारखी दिसायला लागली, आणि नव्वदच्या दशकात मूळच्या काचा जेमतेम एक टक्का उरल्या होत्या म्हणतात. पाडायचं मात्र जमत नव्हतं, कारण १९८२ मध्येच शहराने तिला वारसा वास्तू ठरवलं होतं आणि तिथे त्यासाठी वय किमान ३० लागतं, म्हणजे वयात येताच नंबर लागला. शेवटी २००१ पर्यंत अख्खी काचेची भिंत उतरवून तशीच दिसणारी नवी चढवली, आत लोखंडाऐवजी अल्युमिनियम.

आपल्याकडे फ्रेम बहुतेक अल्युमिनियमचीच असते, पण तिला स्लॅबशी धरून ठेवणारे ब्रॅकेट आणि बोल्ट लोखंडाचे असू शकतात, आणि ठाण्याच्या खाडीची हवा तर तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा पुढच्या वेळी तो टिश्यू पेपर फेकायच्या आधी उलगडून बघा, नुसता ओला आहे का तांबूस झालाय. तांबूस असेल तर मेंटेनन्सवाल्याला सिलिकॉनची गन घेऊन नुसतं वरवर थापू देऊ नका, आधी पॅनल उघडायला लावा.