शहरातल्या अंडरग्राउंड आणि पर्यायी बँडच्या गिग्जची माहिती कुठे मिळते?

तुम्ही लिहिलंय की नव्या शहरात येऊन काही महिने झाले, तिकिटांची अ‍ॅप रोज उघडता, पण तीच पाच-सहा मोठी नावं दिसत राहतात. आणि तुमचा मित्र म्हणतो, 'खरी आवड असेल तर आपोआप कळेल.' त्या वाक्यामुळेच मी लिहायला बसले. आपोआप कोणाला काही कळत नाही. कोणीतरी सांगतं म्हणून कळतं, आणि सांगण्याचं काम कोणालातरी अंगावर घ्यावं लागतं.

अ‍ॅपचं थोडक्यात सांगते. साँगकिक, बँड्सइनटाउन यांच्याकडे तारखा येतात त्या बहुतेक तिकीट विकणाऱ्यांकडून, नाहीतर बँडने स्वतः भरलेल्या असतात. दारात पैसे घेऊन हातावर शिक्का मारतात त्या गिगचं, म्हणजे लहानशा कार्यक्रमाचं, तिकीटच निघत नाही, मग ती तिथे दिसणार कुठून? टेक्नो, हाउस असं क्लबमधलं नाचायचं संगीत ऐकत असाल तर रेसिडेंट अ‍ॅडव्हायझर ही साइट चांगली आहे, २००१ पासून ते क्लबच्याच जगात आहेत. गिटारवाल्यांना त्याचा फारसा उपयोग नाही. बँड आपलं संगीत स्वतः विकतात त्या बँडकॅम्प साइटवर शहरांच्या नावाचे टॅग असतात, त्यात तुमचं शहर बघा. तिथे कोण काय रेकॉर्ड करतंय ते दिसेल. कार्यक्रम दिसले नाहीत तरी नावं मिळतील, आणि सुरुवात नावांपासूनच होते.

आता त्या 'आपोआप'बद्दल.

मी एका बँडमध्ये ड्रम्स वाजवायचे. एकदा दुसऱ्या शहरातून तिघांचा एक नॉइज-रॉक बँड आमच्याकडे वाजवायला आला. रात्रभर प्रवास करून, गिटारची पेडल्स कपड्यांत गुंडाळून. ओपनर, म्हणजे त्यांच्याआधी वाजवणारे, आम्ही. जाहिरातीचं काम आमच्या बासिस्टकडे होतं. त्याने फ्लायर फार देखणा केला होता, काळ्यावर काळं. तारीख होती, पण ती वाचायला डोळे ताणावे लागायचे. जागेचं नाव नव्हतं, कारण 'ज्याला यायचंय तो शोधत येईल.' ते चित्र त्याने इन्स्टाग्रामच्या स्टोरीत टाकलं. चोवीस तासांनी स्टोरी गेली, आणि जाहिरात तिथेच संपली.

खोलीत आले ते आमच्या ओळखीचेच लोक. आमचा सेट संपल्यावर त्यातले बरेचसे बाहेर गेले ते परत आलेच नाहीत. त्या तिघांनी तरीही पूर्ण सेट वाजवला, एकही गाणं कमी केलं नाही. मी अगदी पुढे उभी होते आणि मला मागे वळून बघवत नव्हतं. दारात जमलेल्या पैशांत त्यांचं परतीचं भाडंही निघालं नाही, ते आम्ही खिशातून भरलं. बासिस्ट म्हणाला, 'मोजकेच होते, पण दर्दी होते.'

पुढच्याच आठवड्यात मी स्नेअरचं हेड बदलायला दुकानात गेले, तर तिथे एक मुलगा त्याच बँडचा टी-शर्ट घालून उभा. मी म्हटलं, 'तू त्या दिवशी दिसला नाहीस!' तो म्हणाला, 'कुठल्या दिवशी?' त्याने त्यांची कॅसेट टपालाने मागवली होती, सगळी गाणी त्याला पाठ होती. राहायला तो त्या जागेपासून चालत दहा मिनिटांवर. त्याचा चेहरा पडला तेव्हा मला काय बोलावं ते सुचेना.

मी हे बासिस्टला सांगितलं. 'अगं, एवढा फॅन आहे तर शोधायला हवं होतं त्याने.' कुठे शोधायचं होतं? दारोदार विचारत फिरायचं होतं का?

त्यानंतर मी यादी सुरू केली. दर सोमवारी एक ईमेल, साधा मजकूर: वार, तारीख, जागा, कोण वाजवणार, किती वाजता, दारात किती पैसे, अठराखालच्यांना प्रवेश आहे की नाही. चित्र नाही, शिफारस नाही. डेथ मेटल, रॅप सायफर (गोल करून आळीपाळीने रॅप करणारे), टेबलभर वायरी मांडून तासभर एकच सूर लावणारे, सगळे त्यात. मला स्वतःला न आवडणारे बँडही असतात, कारण कोणी कुठे जावं हे ठरवणारी मी कोण? बासिस्ट म्हणाला, तू रेल्वेचं वेळापत्रक छापतेयस. हो, छापतेय. वेळापत्रक असलं की गाडी पकडता येते.

त्याचं म्हणणं असं की सगळ्यांना कळलं की ते अंडरग्राउंड राहत नाही. हे मला मुळातच पटत नाही. अमेरिकेतल्या पंक मंडळींइतके अंडरग्राउंड कोण होते? बर्कलीतल्या एका रेडिओ कार्यक्रमातून १९८२ साली 'मॅक्सिमम रॉकनरोल' हे मासिक निघालं. त्याच लोकांनी १९९० च्या दशकात गावोगावची एक निर्देशिका काढली: कुठल्या शहरात गिग कोण लावतं, वाजवायला जागा कुठे, रात्री कोणाच्या घरी जमिनीवर झोपायला मिळेल. लोकांनी आपापले पत्ते आणि फोन नंबर आपणहून छापायला दिले. बर्लिनमध्ये 'श्ट्रेसफाक्टोर' ही साइट पंक गिगपासून मोर्चापर्यंत सगळ्या तारखा एकाच कॅलेंडरमध्ये देतं. इटलीतल्या एका हॅकलॅबने, म्हणजे संगणकवेड्यांच्या सामायिक अड्ड्याने, 'गान्चिओ' नावाचं मुक्त सॉफ्टवेअर केलंय. त्यावर कोणीही, खातं न उघडताही, आपल्या शहरातला कार्यक्रम टाकू शकतं. ही सगळी तळातलीच माणसं आहेत, आणि त्यांनी याद्याच केल्या.

तर तुम्ही काय करायचं? आधी कुठलीही एक गिग गाठा, आवडता प्रकार नसला तरी चालेल. ओपनरच्या आधी पोचा. मुख्य बँडपेक्षा ओपनरला फॉलो करा, कारण तो याच शहरातला असतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा वाजवतो. जागेचं इन्स्टाग्राम पान बघताना त्यांनी टाकलेले फोटो सोडा आणि लोकांनी जागेला टॅग केलेले बघा. कोणकोण तिथे खरंच वाजवून गेलं ते त्यात सापडतं. साउंड इंजिनियरशी बोला, पण सेट संपल्यावर. तो तीन-चार ठिकाणी काम करतो, आणि बँडने जाहीर करण्याआधीच त्याच्या डायरीत तारीख असते. तालमीच्या खोल्यांबाहेरचा फळा बघा. कॉलेजच्या किंवा कम्युनिटी रेडिओवर रात्री उशिरा कार्यक्रम करणारे बरेचदा तारखा वाचून दाखवतात. आणि निघताना दारातल्या माणसाला 'पुढची कधी?' एवढं विचाराच.

मग जे कळेल ते लिहून ठेवा आणि निदान चार जणांना पाठवा. तुमच्या शहरात यादी नसेल तर तीच पहिली यादी.

एक राहिलं. घरात किंवा गोदामात होणाऱ्या गिगचा पत्ता तुम्हाला मिळाला तर तो विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. अशा फ्लायरवर पत्त्याच्या जागी 'आस्क अ पंक' (एखाद्या पंकवाल्याला विचारा) लिहिलेलं असतं, आणि त्याला कारण आहे. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या घोस्ट शिप गोदामात २ डिसेंबर २०१६ च्या रात्री कार्यक्रम चालू असताना आग लागली, ३६ माणसं गेली. त्यानंतर इतर शहरांतल्या अशा जागांचीही तपासणी सुरू झाली आणि काही बंद पडल्या. म्हणून आत शिरलात की बाहेर पडायचे रस्ते आधी बघून ठेवा, आणि एकच अरुंद जिना असेल तर सरळ परत फिरा. पत्ता झाकायला माझा विरोध नाही. गिग आहे हेच झाकण्याला आहे. तारीख, बँडची नावं आणि विचारायला एक ईमेल, एवढं कोणालाही जाहीर करता येतं.

आमच्या बासिस्टचा आता नवा बँड आहे. तो मला तारखा कधीच पाठवत नाही. मी त्या त्यांच्या ड्रमरकडून घेते आणि सोमवारी यादीत टाकते.