स्विमिंग पूलसाठी फंड मोडू की टॉपअप घेऊ? साडेअकरा लाखांच्या कोटेशनचा खरा हिशोब

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला, कारण त्यात हौस आणि काळजी दोन्ही आहे. थोडक्यात परत सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नाशिकला गंगापूर रोडला तुमचा बंगला, मागे मोकळी जागा, तिथे ८ बाय ४ मीटरचा स्विमिंग पूल बांधायचाय, कॉन्ट्रॅक्टरने ११.५ लाख सांगितलेत. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ९० हजार, होमलोनचा हप्ता ३१ हजार, एसआयपी २५ हजार, एफडी ९ लाख, इक्विटी फंडात ३१ लाख आणि ते मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेत, मुलगी आता नववीत. सासऱ्यांच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यात व्यायाम करायला सांगितलाय, तिथून हा विषय निघाला. आणि प्रश्न असा की फंड मोडू की टॉपअप लोन, म्हणजे चालू होमलोनवरच वाढीव कर्ज, घेऊ.

माझं स्पष्ट मत, या वर्षी दोन्ही नको. का ते सांगतो.

आधी ते ११.५ लाख बघू. त्यावर १८ टक्के जीएसटी धरलाय का ते विचारा, नसेल तर तिथेच १३ लाख ५७ हजार झाले. मग खोदाई. आपल्याकडे वर माती, खाली मुरूम आणि त्याच्याखाली काळा पाषाण, तो कुठे लागेल हे खड्डा घेतल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, आणि पाषाण लागला की ब्रेकर लावावा लागतो त्याचं बिल वेगळं येतं. भिंती आणि स्लॅबची जाडी धरून साधारण बावीस ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माल बाहेर निघेल, तो उचलून टाकायचा खर्च कोटेशनमध्ये आहे का? बहुतेक वेळा नसतो. शिवाय भोवतीची फरशी, शॉवर, पाण्याचा निचरा, वेगळं अर्थिंग आणि इएलसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच), आणि कुलूप लावता येईल असं कुंपण. कुंपणावर मात्र एक रुपया वाचवू नका, शेजारपाजारची लहान पोरं असतात, इथे तडजोडच नाही. या सगळ्याला मी पावणेदोन लाख धरतो आणि अडीअडचणीला दीड. म्हणजे तुमचा पूल सतरा लाखांच्या घरात जातो.

आता जो खर्च कोणी सांगतच नाही तो. सरासरी खोली १.२ मीटर धरली तर पाणी बसतं ३८,४०० लिटर, म्हणजे दहा हजारी चार टँकर. उन्हाळ्यात रोज पाच-सहा मिलिमीटर पाणी नुसतं उडून जातं, महिन्याला पाच-सहा हजार लिटर वरून भरावं लागतं, फिल्टर धुवायला लागतं ते वेगळं. दीड एचपीचा पंप रोज सहा तास चालवला की महिन्याला २०० युनिट, आणि तुमचं बिल आत्ताच २५० युनिटचं आहे म्हणजे यातले बरेचसे युनिट ३०० च्या वरच्या महागड्या स्लॅबमध्ये जाणार. क्लोरीन, पीएच सांभाळायची पावडर, आठवड्यातून दोनदा साफ करायला येणारा माणूस, सगळं मिळून मी महिन्याला ९ हजार धरतो. वर्षाला १ लाख ८ हजार, आणि हा खर्च कोणी पोहो अगर न पोहो, चालूच राहतो, कारण आठ दिवस लक्ष नाही दिलं की पाणी हिरवं होतं.

आता ज्यांच्यासाठी हे चाललंय त्या सासऱ्यांचा विचार करू. नाशिकची डिसेंबर-जानेवारीची थंडी तुम्हाला मी काय सांगणार, निफाडचा पारा दरवर्षी पेपरात येतो. तेव्हा उघड्यावरच्या गार पाण्यात दुखरे गुडघे घेऊन कोण उतरणार हो? पाणी गरम करायचं तर हीट पंप, त्याचा खर्च आणि वीज वेगळीच. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज त्यांना गरजेच्या महिन्यांत पूल उपयोगाचा नाही. त्यापेक्षा गरम पाण्यात व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपिस्ट शोधा आणि त्यावर मोकळ्या हाताने खर्च करा, तो पूलच्या मेंटेनन्सपेक्षा जास्त झाला तरी चालेल. मुलांना पोहायला त्र्यंबक रोडचा महापालिकेचा सावरकर जलतरण तलाव आहेच.

फंडाचं म्हणाल तर मुलीची बारावी तीन-साडेतीन वर्षांवर आलीये. ३१ मधले १७ काढले तर उरले १४, ते परत तेवढ्या वेळात भरून निघणार नाहीत. त्यात १७ लाखांतला निम्मा नफा धरला तर १.२५ लाखांच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्क्यांनी नव्वद हजारांवर टॅक्स जाईल. ते पैसे मुलीचे आहेत ताई, त्यांना हात लावू नका, उलट आता त्यातला थोडा थोडा भाग डेट फंडात, म्हणजे शेअरऐवजी कर्जरोख्यांत पैसे ठेवणाऱ्या कमी जोखमीच्या फंडात, हलवायला सुरुवात करा. एफडीला पण नको, घरात म्हातारं माणूस आहे, तो दवाखान्याचा पैसा आहे. आणि टॉपअप, १२ लाख ९ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले तर हप्ता १५,२०० आणि व्याजच सव्वासहा लाख, आणि वरचे पाच लाख तरीही खिशातूनच. हप्ता आणि मेंटेनन्स मिळून महिन्याला २४ हजार, म्हणजे जवळपास तुमची अख्खी एसआयपी. ती बंद पडणार हे मला आत्ताच दिसतंय.

मग करायचं काय, तर पूल आहे असं समजून पुढच्या महिन्यापासून ९ हजारांची आरडी सुरू करा, एक वर्ष. एसआयपीला धक्का न लावता ती बारा महिने भरता आली तर पूल सांभाळायची ताकद आहे हे कळेल आणि लाखभर रुपये हाताशी जमतील. मधेच दोन-तीनदा चुकली तर तेही कळेल. दरम्यान कॉन्ट्रॅक्टरकडून ५ बाय ३ मीटरचं कोटेशन मागवा, त्यात पाणी १८ हजार लिटरच लागतं, पंप लहान, आणि पुढेमागे वर शेड टाकून पाणी गरम ठेवणंही परवडतं. जीएसटी, खोदाईचा घनमीटरचा दर, पाषाणाचा वेगळा दर आणि गळती निघाली तर किती वर्षांची गॅरंटी, हे सगळं लेखी घ्या. ते आलं की मला पाठवा, आपण आकडे परत मांडू.