विमान ‘स्टॉल’ होते म्हणजे बंद पडते का?

देवगडच्या एका वाचकाचा प्रश्न: चिपी विमानतळाच्या गप्पांत ‘स्टॉल’ हा शब्द ऐकला. आंगणेवाडीच्या जत्रेतला खाज्याचा स्टॉल माहीत आहे, हा कुठला? एका लेखात त्याचे ‘विमान हवेत बंद पडणे’ असे मराठी केले होते. ते बरोबर का? की ‘गोता खाणे’ म्हणावे?

‘बंद पडणे’ नकोच. इंग्रजीत स्टॉल म्हणजे मुळात गोठ्यातली जनावराची जागा. पुढे गाडी चिखलात रुतणे, मग इंजिन बंद पडणे, असा अर्थ सरकत गेला. विमानात मात्र हा प्रकार पंखावर घडतो. पंख आणि समोरचा वारा यांतला कोन वाढवला की उचल, म्हणजे विमानाला वर धरणारा जोर, वाढते. पण साधारण १५ अंशांच्या पुढे पंखाच्या पाठीला धरून वाहणारी हवा सुटते, भोवरे उठतात आणि उचल ढासळते. वेग भरपूर असला तरी हे होऊ शकते. १ जून २००९ ला एअर फ्रान्सचे विमान अटलांटिकमध्ये कोसळले, तेव्हा दोन्ही इंजिने चालू होती आणि नाक वर होते.

म्हणूनच ‘गोता’ही नको. गोत्यात नाक खाली जाते. इथे तर नाक खाली करणे हाच उपाय.

हे शिडाच्या होडीवर चांगले कळते. दोरी फार खेचली तर शीड छान फुगलेले दिसते, पण होडी जोर धरत नाही. दोरी जरा ढिली केली की चालू लागते. (फडफडणारे शीड म्हणजे स्टॉल नव्हे, ती उलट बाजूची चूक.) मालवणच्या जेटीवर घार उतरताना पंखाच्या पुढच्या कडेचा पिसांचा छोटा झुबका उभा करते. विमानाच्या पंखाची पुढची फळी सरकते तीही त्याचसाठी, हवा पाठीला धरून राहावी म्हणून.

आता शब्द. ‘हवा सुटणे’ अर्थाला सर्वांत जवळचा, पण आपल्याकडे वारा ‘सुटतो’ तेव्हा तो वाहू लागतो! ‘उचल तुटणे’ म्हणावे, तर खलाशांना आगाऊ पैसेच आठवतील. मला ‘पंखाची पकड सुटणे’ पटते. क्रियाही नीट चालते: ‘पकड सुटली, वैमानिकाने नाक खाली केले आणि पंखाने पुन्हा पकड घेतली.’