महाबळेश्वरात कायमचं राहायला येताय?

जरूर या, पण घर घेण्याआधी एक पावसाळा भाड्याने राहून काढा. मे महिन्यातली हवा सगळ्यांनाच भुलवते. इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर! त्याआधीच भिंतींना गवताच्या झडी, म्हणजे पाऊस अडवणारे ताटवे, लावून घ्या, डाळ-तांदूळ घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा. आमची आई शेगडीवर टोपली पालथी घालून कपडे वाळवायची. धुराच्या वासाचे ते गणवेश घालून आम्ही भावंडं खुशाल शाळेत जायचो. नातवंडांना मात्र जुलैतच बोलवा, धुक्यात लपाछपी खेळायला याहून चांगलं गाव नाही. आणि शेजाऱ्यांशी ओळख पहिल्याच आठवड्यात करा. वीज गेली की मेणबत्ती तिकडूनच येते.